कानाची भोकं ४ मिमीपर्यंत आणली, आता डाव्या कानामागे लाल कडं आलंय, काय करू?

चिवडा_लिंबू (पुणे), ११ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इथे कोणी कानाची भोकं मोठी केलीयेत का, म्हणजे प्लग, टनेल (भोकात बसणारे भरीव किंवा पोकळ गोल दागिने) वगैरे घालायला? माझे दोन्ही कान बारशाच्या सुमारास सोनाराने टोचलेले. सहावी-सातवीपर्यंत बाळ्या होत्या, मग वर्गातली पोरं चिडवायला लागली म्हणून काढल्या, भोकं बुजली नाहीत पण बारीक झाली. कॉलेजात एका सिनियरच्या कानात लाकडाचे गोल प्लग बघितले, शर्टाच्या बटणाएवढे, तेव्हापासून डोक्यात किडा होता.

जुलैत ऑनलाइन ॲक्रिलिकचं किट मागवलं, गोगलगायीसारखी वेटोळी असतात ना ती, १.६ पासून १० मिमीपर्यंत सगळे साइझ आणि सगळं मिळून एका पिझ्झ्याच्या पैशात. तीन आठवड्यांत १.६ वरून ४ वर आलो. ३ वरून ४ ला जाताना डावा कान असा ठणकला की डोळ्यातून पाणी आलं, पण म्हटलं चला, नो पेन नो गेन. आता चार दिवस झाले तर डाव्या भोकाच्या मागच्या बाजूने लालसर कातडीचं कडं बाहेर आलंय, ओठ मुडपल्यासारखं, ओलसर असतं आणि रात्री उशी लागली की चुरचुरतं. उजवा बरा आहे, दाबला तर दुखतो तेवढंच.

आई म्हणते हळद भर आणि ते भंगार काढून टाक. मला काढायचं नाहीये. डिसेंबरपर्यंत १० मिमीला पोचायचं होतं, मित्रांबरोबर गोव्याला जायचंय. होईल का? आणि पुढेमागे नोकरीसाठी काढावं लागलं तर भोक परत बुजतं का? घरच्यांसमोर विचारायची सोय नाही म्हणून इथे विचारतोय.

खवचट_खंडू, ११ ऑगस्ट

उजवीकडे 'या विषयाशी संबंधित' मध्ये कोणाचा तरी 'पाळी ताणणे' नावाचा जुना धागा दिसला, मला वाटलं स्त्रियांच्या आरोग्याचा विषय आहे, उघडला तर कानाची पाळी निघाली.

बाकी चिवड्या, कानफाटे जोगी व्हायचंय का रे? मठ शोधून ठेवलायस का?

सुई_दोरा (नाशिक), ११ ऑगस्ट

खंडू, नाथपंथी लोक कुंडलं घालतात ती पाळीत नाही, कानाच्या मधल्या कडक भागात, आणि तो भाग ताणत नाहीत, चिरतात. हा विषय वेगळा आहे.

चिवडा, मी नऊ वर्षं पिअर्सिंग करतोय, आधी मुंबईत आणि आता नाशिकला. तू लिहिलंयस त्यावरून हा ब्लोआउट वाटतो. भोकाच्या आत नळीसारखं कातडीचं अस्तर तयार झालेलं असतं. तब्येतीत घेतलं तर ते अस्तर आणि भोवतीचं मांस हळूहळू वाढतं. घाईने जाड वस्तू ढकलली तर ते ताणलं न जाता सरकतं आणि मागून बाहेर येतं, कोटाच्या बाहीतून आतलं अस्तर डोकावतं ना, अगदी तसं. आत थोडं फाटलंही असणार, ओल त्याचीच आहे.

आजच करायची गोष्ट म्हणजे डाव्यातलं वेटोळं काढ. त्या जागी जे काहीही जोर न लावता आत जाईल ते घाल, बहुतेक २.४ किंवा २ मिमीचं जाईल. एकदम रिकामं ठेवू नकोस, ताजं ताणलेलं भोक एका रात्रीत आवळतं, आणि आवळलेल्यात सकाळी परत घुसवायला गेलास की पुन्हा तेच. मेडिकलमधून साधं नॉर्मल सलाईन आण, ०.९ टक्के सोडियम क्लोराइडवालं, शंभर मिलीची बाटली मिळते. नाकात टाकायचे ड्रॉप्स आणू नकोस, त्यातल्या काहींत प्रिझर्व्हेटिव्ह असतं. दिवसातून दोनदा स्वच्छ गॉजवर घेऊन दोन मिनिटं धर, मऊ झालेली खपली पुसून काढ, संपलं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीही नको, जखम भरायला जी नवी कातडी येते तीच त्याने जळते. हळदीबद्दल आईंशी भांडू नकोस पण स्वयंपाकघरातली पूड ओल्या जखमेत भरायची नाही, कण आत अडकतात.

पिवळा-हिरवा पू, पाळी गरम लागणं, लाली भोकापासून लांब पसरत जाणं, ताप, यातलं काही झालं तर इथे लिहीत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ. पिअर्सिंगवाल्याकडेही नको, डॉक्टरच. टिटॅनसचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं तेही आठवून ठेव, विचारतील.

आता तुझ्या किटबद्दल. वेटोळी असोत नाहीतर सरळ टेपर असोत, टेपर हे दागिना आत घालायचं अवजार आहे, घालून फिरायचा दागिना नाही. टोकाकडे बारीक, मागे जाड, त्यामुळे भोकावर एकसारखा दाब येतच नाही, वर त्याचं वजन एका बाजूला लोंबतं. ॲक्रिलिक ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करता येत नाही, तडकतं किंवा वाकतं, आणि त्यावर बारीक चरे असतात त्यात घाण बसते. ताणताना आणि भोक भरेपर्यंत काचेचे प्लग नाहीतर इम्प्लांट ग्रेड टायटॅनियम, म्हणजे एफ१३६ दर्जाचं. खोटे कानातले घातले की कान चिघळतात असा त्रास असेल तर तो बहुतेक निकेलचा, मग स्टीलही जपूनच. लाकूड, शिंग, हाड हे सगळं सुंदर दिसतं पण पूर्ण भरलेल्या भोकासाठी. आणि सिलिकॉनने कधीच ताणायचं नाही, ते आतून कातडीला घट्ट धरून बसतं, हलत नाही, ओल कोंडते.

वेळेचं सांगतो. १.६ वरून ४ ला आरामात आठ-नऊ महिने लागले पाहिजेत, तू तीन आठवड्यांत गेलास. दोन साइझमध्ये कमीत कमी सहा ते आठ आठवडे, आणि पुढे पुढे तीन-चार महिने. लोकांना वाटतं पुढचा नंबर म्हणजे एक पायरी, पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. गेज हे मुळात तारेच्या जाडीचं माप, आकडा कमी तितकी तार जाड. १४ गेज म्हणजे १.६ मिमी, १२ म्हणजे २, इथे फरक फक्त ०.४ चा. आणि २ गेज साधारण ६ ते ६.५, त्याच्यापुढे एकदम शून्य गेज म्हणजे ८. सहाच्या भोकाचा घेर १८.८ मिमी भरतो आणि आठच्याचा २५.१, म्हणजे एका फटक्यात एक तृतीयांश जास्त कातडी मागतोस तू. तिथेच निम्म्या लोकांचे कान फाटतात. म्हणून ५ नंतर गेज विसरायचा आणि मिमीत चालायचं, ५, ६, ७, ८, जमलं तर मध्ये अर्ध्या मिमीचे पण घ्यायचे.

डिसेंबरपर्यंत १० होणार नाही. स्पष्टच सांगतो.

एक विचारायचं राहिलं, सोनाराने टोचलेलं भोक पाळीच्या मधोमध आहे का? खालच्या कडेपासून किती वर आहे ते मोजून सांग.

चिवडा_लिंबू, १२ ऑगस्ट

दादा एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच थँक्यू. काल रात्रीच काढलं. आंघोळ झाल्यावर आरशासमोर, बाथरूमची कडी लावून. बाहेर येताना असा ओला चिकट आवाज आला की मलाच मळमळलं. २.४ चा प्लग सहज गेला.

मी डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, वर्कशॉपमधला व्हर्नियर आणून मोजलं. उजवं भोक खालच्या कडेपासून ६ मिमी वर आहे, डावं फक्त ४. सोनाराने डावीकडे खाली टोचलंय, मी रडत असणार आणि मामाच्या मांडीवर वळवळत असणार, त्याची काय चूक म्हणा. आणि एक गंमत, किटमधली जी दोन वेटोळी ४ मिमी म्हणून आली ती पण मोजली, एक ३.८ आणि दुसरं ४.३. डाव्या कानात ४.३ वालं होतं!! म्हणजे मी ३ वरून ४.३ ला उडी मारली होती आणि मला पत्ताच नाही.

सुई_दोरा, १२ ऑगस्ट

घे, तुझं उत्तर तुलाच सापडलं. स्वस्त मालात हे नेहमीचंच आहे, डब्यावर एक आणि आत एक. इथून पुढे व्हर्नियर लावल्याशिवाय कानात काही घालू नकोस.

डावं भोक खाली आहे ही खरी अडचण. भोक मोठं होताना चहूबाजूंनी होतं, खालच्या बाजूला मुळातच चार मिमी मांस आहे तर तेच पातळ होत जाणार, शेवटी खाली दोरीसारखी पट्टी उरते. डावा कान ८ च्या पुढे न्यायचा का याचा तेव्हा विचार कर. नाहीतर बुजू देऊन नीट जागी परत टोचून घेणे हाही पर्याय आहे, मी असे दोन-तीन केलेत. वर्ष वाया जातं पण कान दिसायला चांगला होतो.

शिंदेकाकू (सांगली), १२ ऑगस्ट

अरे बाळा, तुम्ही पोरं हौसेने भोकं मोठी करता आणि मी पैसे भरून शिवून घेतलीत बघ.

माझ्या लग्नात सासूबाईंनी सोन्याचे झुबे घातले होते, चांगले वजनदार. त्याला वेल होता केसात अडकवायला, वजन कानावर येऊ नये म्हणून असतो तो, पण रोज कोण वेल लावत बसतंय, सणावारालाच. वीस वर्षांत भोकाची चीर झाली, आणि मग धाकट्या नातवाने एक दिवस कडेवर असताना असा झटका दिला की उजवी पाळी खालपर्यंत फाटली, दोन शेपट्या झाल्या पालीसारख्या.

प्लास्टिक सर्जनकडे गेले. भूल फक्त कानापुरती, पाऊण तास लागला, आत डॉक्टर आणि सिस्टर मालिकेबद्दल बोलत होते ते सगळं मला ऐकू येत होतं. भोकाच्या आतली जुनी कातडी आधी कापून काढावी लागते म्हणे, नुसत्या कडा जवळ आणून टाके घातले तर ते धरत नाही, कारण कातडीला कातडी चिकटत नाही, मांसाला मांस लागलं पाहिजे. आठव्या दिवशी टाके काढले. तीन महिने कान बुच्चे. मग परत टोचले ते व्रणावर नाही, शेजारी, व्रणाची जागा कच्ची असते. मेडिक्लेमवाल्यांनी एक रुपया दिला नाही, सौंदर्याचं ऑपरेशन म्हणाले.

तेव्हा भोक किती मोठं करायचं ते कर, पण शिवायचा खर्च धरून कर. आणि आईला सगळं सांगून टाक, तिला कळलेलंच असतं.

ऑरेंज_बर्फी (नागपूर), १३ ऑगस्ट

भाऊ मी दोन वर्षांपासून करून राहिलो, आता ९ वर आहे, एकदाही रक्त नाही निघालं. टेपर-बिपर काही नाही. नळाला लावतात ना ती पांढरी टेफ्लॉन टेप, हार्डवेअरमध्ये दहा-वीस रुपयाला गुंडाळी भेटते, तिला गोंद नसतो. काचेच्या सरळ प्लगला तिचा एक वेढा घट्ट गुंडाळायचा, सुरकुती राहू द्यायची नाही, थोडं खोबरेल लावून घालायचं. एक वेढ्यानं व्यास वाढते ०.१५ ते ०.२ मिमी, कानाला समजत बी नाही. दहा-पंधरा दिवसानं अजून एक वेढा. घालताना जरा जरी चुरचुरलं तर त्या वेळी वेढा नाही वाढवायचा, वाट पाहायची. असं करत करत पुढच्या साइझचा प्लग आपोआप सरकते.

एक सांगतो, टेप रोज बदलजो. पहिल्या वेळी मी आठ दिवस तीच ठेवली होती, काढली तर असा वास आला का बायको किचनमधून ओरडली, काय सडलं म्हणून.

सुई_दोरा, १३ ऑगस्ट

बर्फी, तुझी पद्धत चालते हे मान्य, संयमाने केली तर टेपरपेक्षा कितीतरी बरी. पण मी कोणाला सांगत नाही. ती टेप नळाच्या आट्यांसाठी बनवलेली आहे, कातडीच्या आत ठेवायला कोणी तपासलेली नाही, आणि वेढ्याच्या कडेत मळ साठतोच, तुझ्या बायकोने साक्ष दिलीच आहे. हल्ली अर्ध्या मिमीच्या अंतराचे प्लग मिळतात, महाग पडतात, पण मग टेपची गरज उरत नाही.

त्याहून सोपं म्हणजे काहीच न करणं. चांगला काचेचा प्लग घालून ठेवायचा आणि विसरून जायचं. पाच-सहा महिन्यांनी प्लगच्या आणि भोकाच्या मध्ये वरून फट दिसायला लागते, मग अंघोळीनंतर कान मऊ असताना जोजोबा तेलाचा थेंब लावून पुढचा साइझ टेकवायचा, गेला तर गेला. नाही गेला तर आणखी महिना. इंग्रजीत याला डेड स्ट्रेचिंग म्हणतात, आमच्याकडे येणाऱ्या पोरांना नाव आवडतं पण पद्धत आवडत नाही.

आणि हो, व्हॅसलीन नको, ते भोकात साचून राहतं.

मीनाक्षीपुरम (सध्या पुणे), १४ ऑगस्ट

मी नोकरीनिमित्त चार वर्षं मदुराईत होते. आमच्या घरमालकिणीच्या आईचे कान खांद्याला टेकायचे, अतिशयोक्ती नाही. त्या भागातल्या जुन्या बायका तंडट्टी नावाचं कानातलं घालायच्या, आणि खाली तिरुनेलवेलीकडे पांबडम म्हणतात तो दागिना, चौकोनी-गोल आकार एकत्र केलेला, दिसायला एखाद्या आधुनिक शिल्पासारखा. वरून सोन्याचा पत्रा आणि आत लाख भरलेली असते, नाहीतर तेवढं भरीव सोनं कान तोडूनच खाली आलं असतं. आजी सांगायच्या की लहानपणी कान टोचून झाल्यावर ताडाच्या पानाची सुरळी भोकात घालायचे. पान उलगडायला बघतं, त्यामुळे आपोआप हलका दाब राहतो, सैल झालं की जास्त वेढ्यांची सुरळी. मग शिशाच्या कड्या. वर्षानुवर्षं चालायचं ते. बर्फींची टेप वाचली आणि मला ती सुरळीच आठवली, तत्त्व तेच की.

त्यांच्या सुनेने मात्र मुंबईला मुलाकडे जायच्या आधी पाळ्या कापून शिवून घेतल्या होत्या, लोक बघतात म्हणून. आजींनी त्यावर काही बोलायचं टाळलं, फक्त स्वतःच्या पाळीला दोन बोटांनी हात लावला.

आपल्याकडेही हे नवीन नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दारापाशी जी जोडपी कोरलीत त्यातल्या बायकांच्या कानातले दागिने बघा जवळ जाऊन, ते आजच्या भोकात मावणार नाहीत. कच्छमधल्या रबारी बायका आजही कानात नागला घालतात, त्यांच्या पाळ्या बघितल्यात का कोणी?

खवचट_खंडू, १४ ऑगस्ट

आमच्या आजीच्या गावाला पोरींच्या भोकात खराट्याची काडी घालायचे, भोक बुजू नये म्हणून. कडुलिंबाची पण. आता त्याचं पॅकिंग करून 'ऑरगॅनिक प्लग' म्हणून विका, चिवडाच घेईल पहिला.

रुद्राक्ष_नाही (ठाणे), १६ ऑगस्ट

एक मुद्दा कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. घरात कोणाला केलॉइड होतं का ते आधी विचार. माझ्या बाबांच्या छातीवर एका फोडाच्या जागी केवढी तरी गाठ आहे, तरी मी कॉलेजात असताना दुसरं भोक टोचलं आणि पाळीच्या मागे वाटाण्याएवढी कडक गुलाबी गाठ आली, जखमेच्या बाहेर वाढत गेली. त्वचारोगतज्ज्ञांनी गाठीतच स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, महिन्याच्या अंतराने पाच. दुखतात भयंकर. नुसती कापून टाकली तर अनेकदा परत येते, बऱ्याच वेळा आधीपेक्षा मोठी. ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी ताणणं वगैरे डोक्यातून काढावं असं माझं मत. चिवडा, तुझं ते कडं लाल, मऊ आणि ओलं आहे म्हणजे केलॉइड नसावं, पण दोन-तीन महिन्यांनी कडक होऊन वाढायला लागलं तर दाखव.

जुना_टनेल (बंगळूर), १८ ऑगस्ट

बुजतं का या प्रश्नाचं उत्तर राहिलं की.

मी १४ मिमीपर्यंत गेलो होतो, चार वर्षं तिथे होतो, मग काढलं. आज सहा वर्षांनी उजवं भोक ३ च्या आसपास आहे, डावं ५ आणि लांबट, बटणाच्या काजासारखं. इंटरनेटवर ८ ते १० मिमी ही लक्ष्मणरेषा म्हणून सांगतात, तिच्या आत राहिलात तर परत बारीक होतं असं. पण ती रेषा कोणी काढलेली नाही. कातडीवर आहे, किती घाईने गेलात त्यावर आहे, वयावर आहे. माझा डावा कान एकदा फाटला होता आणि तोच कमी बुजला. तेव्हा हिशोब असा धरायचा की जे होईल ते कायमचं, आणि बुजलं तर नशीब.

नोकरीचं म्हणशील तर मी मुलाखतीला कातडीच्या रंगाचे प्लग घालून गेलो होतो. लांबून दिसत नाही पण समोर बसलेल्याला दिसतं, तो माणूस पूर्ण वेळ माझ्या कानाशी बोलत होता. नोकरी मिळाली.

रोजच्या भानगडी कोणी सांगत नाही त्या सांगतो. हेल्मेट. तू पुण्याचा आहेस म्हणजे घालतोस की नाही माहीत नाही, पण घालत असलास तर काढताना दोन्ही बाजू फाकवून सरळ वर काढ, मी एकदा घाईत ओढलं आणि टनेल हेल्मेटच्या फोममध्ये राहिला, कान मात्र माझ्याबरोबर आला म्हणून वाचलो. डबल फ्लेअर म्हणजे दोन्हीकडून रुंद कडा असलेला प्लग सुरुवातीला घेऊ नकोस, कडा भोकापेक्षा मोठी असते, ती आत ढकलताना परत फाटतं. एका बाजूने कडा आणि मागे रबराची रिंग असलेला घे, आणि ती रिंग कातडीवर आवळून बसवू नकोस. वासाचं बर्फीने सांगितलंच, टेप नसली तरी येतो, मेलेली कातडी आणि तेलकटपणा साठतो त्याचा, शिळ्या पनीरसारखा. भोक पूर्ण भरलं की रोज अंघोळीत काढून साबणाने धुवायचं. लाकडाचा प्लग मात्र पाण्यात नको, फुगतो.

आणि कान पातळ दिसायला लागला, आरशात पाळीतून उजेड दिसायला लागला की थांबायचं आणि एक साइझ खाली यायचं. खाली येणं म्हणजे हरणं नाही हे मला १२ वर असताना कोणी सांगितलं असतं तर डावा कान आज काजासारखा नसता.

चिवडा_लिंबू, २१ डिसेंबर

नमस्कार, परत आलो. कोणी विचारलं नाही तरी अपडेट देतो.

डावा कान २.४ वर ठेवला तो ठेवलाच. सलाईनने ओल आठ-दहा दिवसांत थांबली. कडं जायला मात्र जवळजवळ दीड महिना लागला, पूर्ण सुकल्यावर रोज रात्री खोबरेल लावून दोन बोटांत धरून पाच मिनिटं चोळायचो, मालिका लागलेली असायची तेव्हा, म्हणजे आईच्या समोरच. शिंदेकाकू म्हणाल्या तसंच निघालं, तिला सगळं जुलैतच कळलं होतं, कुरियरवाल्याकडून खोकं तिनेच घेतलं होतं. आता मागून बोट फिरवलं तर एक बारीक उंचवटा लागतो, दिसत नाही. गेल्या रविवारी अंघोळीनंतर ३.२ चा काचेचा प्लग टेकवला आणि तो असा गेला जसा काही तिथलाच होता. मी दोन मिनिटं वाट बघत उभा राहिलो दुखेल म्हणून.

उजवा ४ वरच आहे, त्यातलं पण वेटोळं काढून ४ चा काचेचा घातला होता, आता वरून फट दिसते. तो पुढे जाऊ शकतो पण एक कान पुढे आणि एक मागे असं नको म्हणून त्याला थांबवलंय. १० चा नाद सध्या सोडलाय, दोन्ही ६ ला आले की बघू, डाव्यात खाली मांस किती उरतंय ते मोजून. गोव्याला ४ आणि २.४ वर गेलो आलो, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. समुद्रात डोकं बुडवायच्या आधी प्लग काढून डबीत ठेवले होते, एवढंच.

एक नवीन प्रश्न आहे. काचेचा प्लग धुताना हातातून निसटून बेसिनच्या भोकात गेला, खालचा बॉटल ट्रॅप उघडला, केस, साबण आणि बाबांचं एक जुनं शर्टाचं बटण सापडलं, प्लग पण सापडला. दिसायला कुठे तडा नाहीये पण कडेला नख फिरवलं की अगदी किंचित खरखर लागते. उकळून घेतला तर चालेल का वापरायला?

सुई_दोरा, २१ डिसेंबर

नाही. खरखर लागते म्हणजे टवका उडालाय, तो आतून कापणार. फेकून दे, जोडीतला दुसरा पण भिंगाखाली बघून घे. आणि इथून पुढे बेसिनच्या भोकावर फडकं टाकून मगच प्लग काढ.

खवचट_खंडू, २२ डिसेंबर

ते बटण मोजलंस का व्हर्नियरने?

चिवडा_लिंबू, २२ डिसेंबर

११.२